लांब तलवारींची जोडी: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४: नमुना

एका आराखड्यावरून दोन तलवारी करायच्या आहेत. 'क' संग्राहकासाठी, 'ख' मध्ययुगीन लढायांचे प्रयोग करणाऱ्या गटासाठी. नमुना युरोपातला, साधारण १४०० ते १४५० या काळातला. शस्त्रांचे अभ्यासक ओकशॉट यांच्या वर्गवारीत मध्ययुगीन तलवारींचे दहापासून बावीसपर्यंत प्रकार आहेत. त्यांपैकी अठरा-ए निवडला: दोन्ही हातांनी धरता येईल अशी मूठ, गार्डपासून (मुठीपुढची आडवी पट्टी) टोकाकडे सतत निमुळते होत जाणारे पाते, मधोमध कणा असलेला चपटा शंकरपाळी छेद. या काळात अंगावर पोलादी पत्र्याचे चिलखत आले होते. सांध्यांच्या फटीत खुपसता येईल असे कडक टोक हवे होते, आणि कापण्याचे कामही सोडून चालणार नव्हते. त्या दोन गरजांतून हा आकार घडला.

या तलवारींचा काळ बऱ्यापैकी पक्का सांगता येतो, याचे श्रेय इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागाराला आहे. तिथे जमा झालेल्या युरोपीय तलवारींवर मामलुक सुलतानांच्या अमलातले अरबी लेख कोरलेले आहेत, आणि अनेकांत साल दिलेले आहे. टोरांटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियममध्ये त्यांतल्या काही आहेत.

कायद्याची बाब सुरुवातीलाच बघून घ्यावी. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात येतात. पट्टी कापण्याआधी परवान्याचे कागद पुरे असावेत. या जोडीतल्या दोन्ही तलवारी बोथटच राहणार आहेत: 'क' ची कड ०.५ मिमी, 'ख' ची २ मिमी.

१३ जानेवारी: मापे आणि वजनाचा हिशेब

प्रतिकृतीचा फोटो पाहिला की लांबी, रुंदी, गार्डचा बाक, पॉमेलचा (मुठीच्या टोकावरचा जड गोळा) आकार हे सगळे दिसते. पात्याची जाडी दिसत नाही. बाजारातल्या बहुतेक प्रतिकृती तिथेच फसतात. गार्डपाशी ५ मिमी आणि टोकापाशीही ५ मिमी, म्हणजे पट्टीला बाजूने कापून तलवारीचा आकार दिलेला. अस्सल पात्यात जाडी गार्डपासून टोकापर्यंत निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. हा जाडीचा उतार या प्रकल्पाचा कणा आहे. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

पाते ९०० मिमी, गार्ड १२ मिमी जाड, मूठ १९०, पॉमेल ५२, रिव्हेटचा (ठोकून पसरवलेल्या टोकाचा) माथा धरून एकूण लांबी ११५८ मिमी. तयार पात्याची मापे (अंतर गार्डपासून, सगळे मिमीत):

गार्डपाशी: क रुंदी ४८, जाडी ६.०, ख रुंदी ४२, जाडी ६.०
२२५ वर: क ४२ आणि ५.१, ख ३७ आणि ४.८
४५० वर: क ३६ आणि ४.४, ख ३२ आणि ४.०
६२५ वर: क २९ आणि ३.८, ख २८ आणि ३.४
८०० वर: क २० आणि ३.२, ख २३ आणि २.९

छेदाचे क्षेत्रफळ काढायला कण्याची जाडी आणि कडेची जाडी यांची बेरीज करून रुंदीने गुणायचे आणि दोनने भागायचे. पोलादाची घनता ७.८५ धरली की 'क' चे पाते टँग (मुठीच्या आत जाणारी पात्याची शेपटी) सोडून ६०७ ग्रॅम येते. याच बाह्यरेषेचे पाते सगळीकडे ६ मिमी जाड ठेवले आणि प्रयोगासाठी कड २ मिमी केली, तर ते ९४० ग्रॅमच्या पुढे जाते. तलवार १३३० ग्रॅमऐवजी १६७० ग्रॅम होते, आणि तोल गार्डपुढे ७७ मिमीवर असतो तो १५० मिमीवर जातो. मनगटे दुखतात ती या १५० मिमीमुळे, वजनामुळे नव्हे. दीड किलोची चांगली तोललेली तलवार तासभर चालवता येते.

'ख' ची अडचण वेगळी आहे. कड २ मिमीपेक्षा पातळ केली तर ती दुसऱ्या पात्यावर आपटून चटकन खाचा पडतात आणि समोरच्याच्या हातमोज्यालाही धोका. जाड कडेचे वजन तर पात्यावर टोकापर्यंत पसरते. म्हणून 'ख' ची रुंदी गार्डपाशी कमी घेतली, कण्याची जाडी लवकर उतरवली, आणि बाकीचे वजन चारही उतारांना (कण्यापासून कडेपर्यंतच्या बाजू) किंचित खोलगट घासून काढायचे ठरवले. टोक मात्र रुंद आणि गोल ठेवणे भाग आहे.

१९ जानेवारी: पोलाद

दोन पर्याय होते, ईएन ४५ आणि ईएन ४७. दोन्ही कमानपाट्याची पोलादे. ईएन ४५ मध्ये दीड ते दोन टक्के सिलिकॉन असते, लवचीकता उत्तम, पण भट्टीत पृष्ठभागातला कार्बन लवकर जळतो. ईएन ४७ मध्ये सुमारे ०.५ टक्के कार्बन, १ टक्का क्रोमियम आणि थोडे व्हॅनेडियम. व्हॅनेडियममुळे पोलादातले कण बारीक राहतात आणि तापमान दहावीस अंश वर गेले तरी पाते ठिसूळ होत नाही. ईएन ४७ घेतले: ५० × ८ मिमीची नवी पट्टी, ११८० मिमीचे दोन तुकडे.

ट्रकच्या जुन्या पाट्यांचा मोह टाळावा. पोलाद तेच असते, पण लाखो वेळा वाकून त्यात केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. त्या घासताना दिसत नाहीत, पाणी देताना (तापवून तेलात एकदम गार करून कडक करताना) उघडतात.

त्याच पट्टीचे १०० मिमीचे चार नमुना तुकडे वेगळे काढून ठेवले. पात्याआधी त्यांना पाणी द्यायचे, मोडून आतला कण पाहायचा. पुरवठादाराच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, हा तुकडा खरे सांगतो.

२७ जानेवारी: बाह्यरेषा आणि टँग

आराखडा २ मिमी पत्र्यात कापून त्यावरून रेघा मारल्या. बँडसॉने १ मिमी बाहेरून कापले, उरलेले घासणयंत्राच्या बेल्टवर.

टँग एकसंध, पात्यातूनच निघालेला. गार्डपाशी २२ मिमी रुंद, पॉमेलपाशी १०. शोभेच्या स्वस्त तलवारीत पात्याच्या बुडाला बारीक सळई वेल्ड करून नट आवळलेला असतो. वेल्डच्या कडेला पोलाद उष्णतेने बदललेले असते आणि जोरात फिरवताना पाते तिथूनच सुटून जाते. प्रयोगाच्या जागी अशी तलवार आतच घेऊ नये.

टँग आणि पात्याचा खांदा मिळतो तिथला आतला कोपरा काटकोनात ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंना ३ मिमी त्रिज्येची गोलाई गोल कानशीने दिली आणि ४०० नंबरच्या कागदाने आडव्या चरा पूर्ण काढल्या. प्रत्येक फटक्याचा ताण इथे गोळा होतो. कानशीची एक आडवी रेघ राहिली तरी भेग तिथूनच धरते. गार्डची खाच या गोलाईला जागा देईल अशी किंचित मोकळी करावी लागते, त्याची नोंद आराखड्यावर केली.

मराठ्यांच्या धोपेशी तुलना इथे उपयोगी पडते. पश्चिम किनाऱ्यावरून आलेली युरोपीय सरळ पाती दख्खनमध्ये मुठीत बसवली गेली, अशा तलवारीलाच आपण फिरंग म्हणतो. तिथे टँग आखूड असतो आणि मुठीच्या पोकळीत राळ-लाखेच्या मसाल्याने घट्ट बसवतात. पकड एका हाताची, मूठ लोखंडाची, त्यामुळे ते पुरते. लांब तलवारीत दोन हातांची तरफ मुठीवर काम करते, आणि मूठ लाकडाची. म्हणून टँग शेवटपर्यंत न्यावा लागतो.

३ फेब्रुवारी: आधी जाडी, मग उतार

क्रम महत्त्वाचा. आधी सपाट पट्टीचीच जाडी लांबीत उतरवायची, मग कण्याकडून कडेकडे उतार घासायचे. उलट केले तर कणा कुठे आहे हेच हरवते आणि दोन बाजूंचे कणे समोरासमोर येत नाहीत.

दर ५० मिमीला खूण, प्रत्येक खुणेवर हवी ती जाडी मार्करने लिहिली. ३६ नंबरचा बेल्ट, पाते आडवे धरून. दोन्ही बाजूंनी सारखे काढायचे, नाहीतर पाते मध्यरेषेच्या एका अंगाला जाते. पाणी देताना बाक येण्याचे ते एक मोठे कारण. गार्डपाशी ६.६ मिमी, ८०० वर 'क' ३.७ आणि 'ख' ३.४. म्हणजे पाणी देण्याआधी सगळीकडे साधारण अर्धा मिमी जादा.

१० फेब्रुवारी

उतार घासले. कडेवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना रेघा आखल्या: 'क' साठी २.० मिमी अंतर, 'ख' साठी २.६. कडा इतक्या जाड ठेवायच्या कारण पातळ कड तेलात आधी थंड होते, आखडते आणि लाटा पडतात. भट्टीत तिचा कार्बनही आधी जातो. संग्रहाचे पाते नाजूक दिसावे म्हणून कड आधीच पातळ करण्याची घाई नडते.

घासून पडलेला भुसा बराच आहे. ३.७ किलोच्या पट्टीतून शेवटी टँगसह ७८० ग्रॅमचे पाते निघणार. ठोकून घडवले तर पोलाद वाचते, पण एका आराखड्यावरून दोन पाती तंतोतंत काढायची असतील तर घासणेच बरे.

१७ फेब्रुवारी: कण सुधारणे

तीन फेऱ्या: ८७०, ८४०, ८०० अंश सेल्सियस. प्रत्येक वेळी रंग सारखा झाल्यावर बाहेर काढून टँगच्या भोकातून टांगून हवेत निवू दिले. जमिनीवर किंवा ऐरणीवर ठेवले तर खालची बाजू लवकर निवते आणि पाते वाकते. ईएन ४७ एवढ्या पातळ छेदात हवेतही थोडे कडक होते, म्हणून शेवटी ६८० अंशांवर दीड तास ठेवून भट्टीतच निवू दिले. त्यानंतर कानस लोण्यातून गेल्यासारखी चालते.

नमुना तुकड्यांपैकी दोन ८५० वरून तेलात टाकून मोडले. तुटलेला भाग राखाडी, मखमली, चमकणारे दाणे नाहीत. तापमान बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी: पाणी देणे

उभी विजेची भट्टी, आत १३०० मिमी खोली. वर आणि खाली असे दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). दोन्हींतला फरक १० अंशांच्या आत आल्याशिवाय पाते आत सोडले नाही. पाते टांगलेलेच हवे. आडव्या भट्टीत ८५० अंशांवर ते स्वतःच्या वजनाने झोपते.

तेलाची टाकी २०० मिमी व्यासाच्या १३०० मिमी पाइपची, बुडाला जाड पत्रा वेल्ड केलेला. सुमारे ४० लिटर तेल बसते. तेल ५५ अंशांपर्यंत तापवून घेतले. गार तेल घट्ट असते, पात्याभोवती वाफेची पिशवी धरून ठेवते आणि कडकपणा ठिपक्याठिपक्यांनी येतो. एका पात्याने हे तेल सात-आठ अंशांनीच तापते, म्हणजे लागोपाठ दोन पाती घेता येतात. टाकीचे झाकण जवळ, वाळूची बादली जवळ, वर प्लॅस्टिकचे छप्पर नाही.

८५० अंश, रंग सारखा झाल्यावर सहा मिनिटे. टोक खाली, एका दमात सरळ आत. भट्टीच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत दोन सेकंदांहून जास्त लागू नयेत, टोकाची ३ मिमी जाडी हवेत भराभर निवते. आत गेल्यावर पाते फक्त वरखाली हलवायचे. बाजूला हलवले की एका अंगाला गार तेल लागते आणि पाते तिकडे वळते.

साधारण २०० अंशांवर बाहेर काढले. या पोलादात कडकपणा ३०० अंशांच्या आसपास सुरू होतो आणि खाली येता येता पुरा होतो. त्यामुळे या घडीला पाते अजून ऐकते. चामड्याचे मोजे घालून, लाकडी ठोकळ्यांच्या फटीत धरून, मिनिटभर हाताने सरळ करता येते. हाताला थंड लागू लागले की थांबायचे. त्यानंतर जोर लावला तर ते तुटते.

'ख' जवळजवळ सरळ आले. 'क' ला ६०० मिमीच्या पुढे ३ मिमी बाक राहिला. लांब पात्यात एवढे येतेच, त्याची सोय टेम्परिंगमध्ये (कडक पाते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढणे).

कानस लावली की पहिला दशांश मिमी मऊ लागतो आणि मग घसरते. वरचा थर कार्बन गेलेला असतो. त्यावरून पाणी बसले नाही असा निष्कर्ष काढू नये, थर काढून मग पाहावे.

त्याच दिवशी, रात्री

पाणी दिलेले पाते रात्रभर तसेच ठेवायचे नाही. आतला ताण इतका असतो की पडल्या जागी तडकू शकते. दोन्ही पाती तासाभरात टेम्परिंगला गेली.

'क' ३९० अंश, दोन तास, दोनदा: रॉकवेल सी (कडकपणाचे माप) ५०. 'ख' ४३० अंश, दोन तास, दोनदा: ४६ ते ४७. प्रयोगाच्या पात्याला कडकपणा थोडा कमी बरा, कारण मऊ कड दबते आणि कडक कड फुटते. २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात या पोलादाचे टेम्परिंग करू नये. आकडा छान येतो, पण आपटल्यावर सोसण्याची ताकद घटते.

'क' चा बाक पहिल्या फेरीनंतर घेतला. जाड चौकोनी नळीवर पाते तीन ठिकाणी धरले, मधल्या ठिकाणी उलट बाजूला ६ मिमी जास्त वाकवून क्लॅम्प केले आणि तसेच दुसऱ्या फेरीला आत. बाहेर आल्यावर उरलेला बाक ०.५ मिमीहून कमी. टेम्परिंगच्या तापमानाला अडकवून ठेवलेला ताण सैल पडतो. थंड पात्यावर हातोडा चालवून हे काम होत नाही.

टँगची शेवटची ४० मिमी टॉर्चने गर्द लाल करून हळूहळू निवू दिली. रिव्हेट तिथेच करायचा आहे. पाते या वेळी खांद्यापर्यंत ओल्या फडक्यात.

९ मार्च: शेवटची घासणी

नवे बेल्ट, ६० आणि १२० नंबर, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात. पात्यावर निळा रंग आला की घबराट होते. पोलादावर निळा सुमारे ३०० अंशांना येतो, आणि हे पाते ३९० ला टेम्पर केलेले आहे, म्हणून निळा आला तरी कडकपणा गेलेला नसतो. निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी झाले तर मात्र गेला. टोकाकडचे शेवटचे ५० मिमी उघड्या हातांनीच घासावेत, बोटांना चटका बसला की बुडवायचे.

'ख' चे चारही उतार २०० मिमी व्यासाच्या चाकावर खोलगट केले. १८ मिमी रुंदीच्या उताराला या व्यासाने मधोमध ०.४ मिमी खोली मिळते. गार्डपासून ५५० मिमीपर्यंतच. त्यापुढे कणा ३.६ मिमीच्या खाली जातो आणि उताराच्या मध्यावरची जाडी कडेच्या २ मिमीपेक्षाही कमी होऊ लागते. मग पाते तिथे लुळे पडते. एवढ्या खोलीनेही सुमारे ८० ग्रॅम निघाले. 'ख' चे पाते आता टँग सोडून ६२० ग्रॅमच्या आत, म्हणजे कड चौपट जाड असूनही 'क' च्या जोडीला.

कण्याची रेघ हातानेच धारदार करायची. लोखंडी पट्टीला चिकटवलेला कागद, पात्याच्या लांबीत सरळ फेरे, २४० ते ६००. बफिंग चाकावर चढवले की चकाकी येते आणि कणा गोल होतो. संग्राहकाला आरशासारखे पाते हवे असते असा समज आहे. प्रत्यक्षात जाणकार आधी कणा पाहतो: पाते डोळ्यासमोर आडवे धरून रेघ गार्डपासून टोकापर्यंत वळवळते का ते.

१६ मार्च

वाकवून पाहिले. टोक लाकडी ठोकळ्यात, मुठीकडून दाबून मधोमध १५० मिमी बाक. दोन्ही बाजूंनी. सोडल्यावर दोन्ही पाती सरळ, सरळपट्टीखाली फट वाढलेली नाही. वाकलेल्या पात्याची कमान पाहणे याहून महत्त्वाचे. गार्डकडचा तिसरा हिस्सा जवळजवळ सरळ राहून पुढचा भाग हळूहळू वळला पाहिजे. एकाच जागी कोपरा दिसला तर तिथे जाडी जास्त उतरली आहे.

२३ मार्च: गार्ड

१६ मिमी चौकोनी माइल्ड स्टील, टोकाकडे ९ मिमीपर्यंत निमुळते, एकूण २०० मिमी, वजन १७३ ग्रॅम. खाचेसाठी ५ मिमीच्या भोकांची रांग पाडून पोगराने मधले तोडले आणि कानशीने पुरे केले. खाच ०.३ मिमी कमी ठेवून गार्ड लाल करून टँगवर चढवला आणि नळीने ठोकून खांद्यावर बसवला. निवला की घट्ट धरतो. पाते या वेळी शेगड्यात (पकडून ठेवायचा जबडा), खांद्याखाली ओले फडके.

गार्ड हलतो त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच: खाच पुढून नेटकी आणि आतून ढगळ. फटीत इपॉक्सी भरून तो दिवस निघतो, दहा-बारा प्रयोगांत पुन्हा खडखडतो.

३० मार्च: पॉमेल आणि तोल

चाकासारखा पॉमेल, ५२ मिमी व्यास, दोन्ही बाजूंना उतरत्या कडा. लेथवर काढला. टँगचे भोक एका बाजूला किंचित मोठे, म्हणजे टँग आत पाचरीसारखा बसतो.

पॉमेल जाणूनबुजून जड ठेवून तोल पाहत पाहत उतरवला. 'क' ला ४० ग्रॅम कमी केले की तोल साधारण १० मिमी पुढे सरकतो. ३०० ग्रॅमवर थांबलो, तोल ७८ मिमी. 'ख' ला ३४० ग्रॅम ठेवावे लागले, तोल ८८ मिमी. आणखी जड पॉमेल लावून 'ख' चा तोलही ७८ वर आणता आला असता, पण ते खोटे हलकेपण आहे. तोल मागे येतो, टोक थांबवायला लागणारा जोर मात्र तेवढाच राहतो आणि तलवार एकूण जड होते. पात्यातले वजन पात्यातूनच काढावे लागते.

६ एप्रिल: मूठ

शिवणीचे लाकूड, हलके आणि सरळ रेषांचे, दोन फाका. आतून टँगच्या मापाने कोरून इपॉक्सीने टँगवरच चिकटवले. छेद लंबगोल, गार्डपाशी ३२ × २४, पॉमेलकडे २८ × २०. गोल मूठ करू नये, अंधारातही कड कुठे आहे ते हाताला कळले पाहिजे. लाकडाची लांबी गार्ड आणि पॉमेल यांच्यातल्या जागेपेक्षा ०.३ मिमी जास्त, रिव्हेट करताना ती दाबली जाते.

त्यावर १ मिमी तागाचा दोरा गुंडाळून सरसाने भिजवला. मध्ये एक आणि दोन टोकांना एकेक असे उंचवटे दोऱ्याचेच.

१३ एप्रिल: रिव्हेट

टँग पॉमेलबाहेर ५ मिमी. पाते लाकडी जबड्याच्या शेगड्यात टोक खाली, गोल डोक्याचा ३०० ग्रॅमचा हातोडा, हलके ठोके कडेकडून आत. जड हातोड्याने टँग पॉमेलच्या आत फुगतो आणि बाहेर माथा होतच नाही. माथा पसरला की पॉमेलच्या उताराशी मिळवून घेतला. नट आणि आटे सोपे असतात, पण आट्याच्या मुळाशी ताण गोळा होतो आणि प्रयोगात हादऱ्याने नट सैल होतो.

१४ एप्रिल

चामडे. वनस्पतीच्या टॅनिनने कमावलेले बकऱ्याचे, ०.९ मिमी. कडा तासून अर्ध्यावर आणल्या, ओले करून ओढून चिकटवले. वरून दोरा घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवला, आतल्या दोऱ्याची नक्षी वर उमटते. गार्ड आणि पॉमेल आधी टेपने पूर्ण झाकले. ओले टॅनिन लोखंडाला लागले की चामड्यावर काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पावसाळ्यात हे काम काढू नये, चामडे वाळायच्या आत बुरशी धरते.

२० एप्रिल: अखेरची मापे

'क': लांबी ११५८ मिमी, वजन १३३० ग्रॅम, तोल ७८ मिमी. 'ख': ११५८ मिमी, १३८५ ग्रॅम, ८८ मिमी. पॉमेलवर मुठीने ठोकले की पाते थरथरते आणि एक जागा स्थिर राहते. 'क' मध्ये ती गार्डपासून ५६० मिमीवर आहे. दुसरी स्थिर जागा गार्डलगत, पुढच्या हाताच्या पकडीत. तीही बरोबर पडली आहे, म्हणून फटका हातात झणझणत नाही.

'क' सोबत दिलेली सूचना: चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नये, चामड्यातले आम्ल आणि ओल पात्याला गंज आणतात. पातळ तेलाचा हात, महिन्याला एकदा, दमट हवेत पंधरवड्याला.

'ख' ची सूचना लांब आहे, कारण तिच्यावर माणसांचे हातपाय अवलंबून आहेत. प्रत्येक प्रयोगानंतर कड बोटांनी नव्हे, सुती फडक्याने तपासावी. धागा अडकला तिथे बोचरी कोर उठलेली आहे, ती कानशीने उतरवावी. खाच पडली असेल तर तिचा टोकदार तळ राहू देऊ नये. दोन्ही बाजूंना १५-२० मिमीपर्यंत उतरत नेऊन उथळ कमान करावी, भेग टोकदार तळातूनच पात्यात शिरते. २ मिमीपेक्षा खोल खाच किंवा तळाशी केसासारखी रेघ दिसली तर पाते प्रयोगातून बाद. खांद्यापाशी गार्डच्या तोंडाशी गंजाची बारीक रेघ आली तर गार्ड काढून टँग पाहावा. पॉमेल कानाजवळ धरून हलवावा. उन्हाळ्यात लाकूड आखडून किंचित टकटक येते, तेव्हा रिव्हेटवर आठ-दहा हलके ठोके पुरतात. त्यानेही थांबली नाही तर तलवार कारखान्यात परत पाठवावी, मधल्या काळात वापरू नये.